बुचाच्या काजळीची कुळकथा

मराठीत तोंडाला काळं फासतात ते ज्याची बेअब्रू करायची त्याच्या. अमेरिकी रंगभूमीवर गोरा नट जाळलेल्या बुचाची काजळी स्वतःच्या तोंडाला फासायचा आणि बेअब्रू व्हायची ती प्रेक्षागृहाबाहेरच्या कृष्णवर्णीयाची. थॉमस डार्टमथ राइसने १८३०च्या सुमारास 'जिम क्रो' हे सोंग लोकप्रिय केलं. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांनी अशा सोंगांचा अख्खा खेळ बसवला. दक्षिणेत तेव्हा गुलामगिरी होती, आणि गुलाम कसा भाबडा, आळशी, नाचगाण्यात खूश असतो हे हा खेळ रोज रात्री पटवून देई. पुढे तिथल्या वर्णभेदी कायद्यांना नाव पडलं तेही याच सोंगाचं. बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय, तरी रंगमंचावर त्यांनाही काजळी लावावी लागे. प्रेक्षकांना खरा चेहरा नकोच होता.

ही काजळी 'द जॅझ सिंगर'मध्ये (१९२७) अल जोल्सनच्या चेहऱ्यावरून बोलपटात आली आणि संगीतपटांत रुळली. तो काळच तसा होता, असं म्हणतात. पण कृष्णवर्णीय संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ सालीच आपल्या वृत्तपत्रातून या नटांवर कडाडून टीका केली होती. 'त्या काळा'त तेही जगत होते. त्यांचं मत धरायचं नाही असं ठरवलं, तरच हा बचाव टिकतो. दुसरा बचाव अधिक वजनदार आहे: 'स्विंग टाइम'मध्ये (१९३६) फ्रेड अस्टेअरने काजळी लावून केलेला नाच ही कृष्णवर्णीय नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन यांना मानवंदना होती. अस्टेअरचा आदर खोटा नव्हता, तो नाचही अप्रतिम आहे. मात्र रॉबिन्सन तेव्हा हयात होते, हॉलिवूडमध्येच काम करत होते. आदल्याच वर्षी 'द लिटल कर्नल'मध्ये ते जिन्यावर नाचले, पण घरातल्या नोकराच्या भूमिकेत. त्यांच्या नावाचा नाच करायचा, तर नायकाच्या जागी गोरा माणूस, आणि तोही काजळी लावून.

म्हणून जुने चित्रपट आज दाखवताना काजळीचे हे प्रसंग कापून टाकू नयेत असं मला वाटतं. कापले की पुरावाच जातो. 'हॉलिडे इन'मध्ये (१९४२) लिंकनच्या जयंतीचं गाणं आहे. गुलामगिरी संपवणाऱ्याचा गौरव बिंग क्रॉस्बी काजळी लावून करतो, आणि त्याच गाण्याच्या काही ओळी लुईज बीव्हर्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री आपल्या लेकरांसोबत गाते, स्वयंपाकघरात.