२७ जुलै २००५ : पुराच्या बातमीखाली बुडालेली आग

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकराला सांगावी लागत नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर पाण्याखाली गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात एक महाकाय पोलादी मंच दोन तासांत जळून कोसळला आणि २२ माणसे गेली. पुराच्या बातम्यांत ही आग वाहून गेली. आजचा धागा त्या विस्मृत दुपारविषयी.

मित्रहो, प्रथम स्थळ समजून घेऊ. ‘सागर सम्राट’ या खोदनौकेने १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल शोधले, आणि दोन वर्षांत उत्पादन सुरू झाले. तेच हे ‘बॉम्बे हाय’, पुढे ‘मुंबई हाय’. त्याच्या उत्तर भागात तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे, म्हणजे ओएनजीसीचे, पुलांनी जोडलेले चार मंच उभे होते : १९७६ चा छोटा विहीर-मंच, १९७८ चा निवासी मंच, १९८१ चा मुख्य प्रक्रिया-मंच आणि प्रक्रियेसाठीच नंतर जोडलेला आणखी एक. समुद्रतळावरील नळांतून येणारे तेल आणि वायू ज्या उभ्या नळांतून वर चढतात, त्यांना ‘रायझर’ म्हणतात. मुख्य मंचाचे रायझर त्याच्या पोलादी पायांच्या सांगाड्याबाहेर, लाटांच्या आणि जहाजांच्या बाजूला, उघडे होते. हा तपशील लक्षात ठेवावा.

आता त्या दिवसाची सुरुवात पाहा. ती एका स्वयंपाकघरात झाली. ‘समुद्र सुरक्षा’ या सुमारे १०० मीटर लांबीच्या मदतजहाजावर आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. त्याला उपचार हवे होते. पावसाळी हवामानामुळे हेलिकॉप्टरे जमिनीवरच अडकली होती. तेव्हा त्याला जवळच्या मंचावर पोचवावे, असे ठरले : माणसाला टोपलीत बसवायचे आणि क्रेनने वर घ्यायचे. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या लेखी यात नवलाचे काही नाही.

खवळलेल्या समुद्रात जहाजाने मंचाच्या आडोशाच्या बाजूने जवळ यावे, हा साधा नियम. म्हणजे इंजिनाने दगा दिला, तर वारा जहाजाला मंचापासून दूर लोटतो. परंतु त्या बाजूची क्रेन बंद होती. म्हणून वाऱ्याच्या बाजूची क्रेन वापरायचे ठरले. इथे मात्र काही बिघडले, तर तोच वारा जहाजाला मंचावर आणून आदळणार. जहाज जवळ येऊ लागले, तेव्हा त्याच्या संगणक-नियंत्रित प्रणोदकांनी कुरकुर सुरू केली. मग ते हाताने चालवत, पिछाडी पुढे करून मंचाला भिडवण्यात आले.

इथे क्षणभर थांबावे. हेलिकॉप्टर नाही, ठीक, जहाजाने नेऊ. ती क्रेन नाही. ठीक, दुसरी आहे. संगणक साथ देत नाही. ठीक, हाताने चालवू. यांतला एकेक निर्णय अनुभवी माणसांनी, एका जखमी सहकाऱ्यासाठी, सद्हेतूने घेतलेला. कुणी दारू प्यायले नव्हते, कुणी झोपले नव्हते. परंतु प्रत्येक ‘ठीक’गणिक सुरक्षेची एकेक कडी निखळत होती, आणि ‘एवढे सगळे जमून आले असताना हे आत्ताच करायला हवे का?’ हा प्रश्न विचारणे कुणा एकाचे काम नव्हते. पश्चातबुद्धीने असे म्हणणे सोपे आहे, हे मान्य. तरीही दोन बोटांची टोके एका बाजूला आणि वायूने भरलेले उघडे नळ दुसऱ्या बाजूला, हा तराजू त्या दुपारी कुणी हाती धरलेला दिसत नाही.

आचारी सुखरूप वर पोचला. काम फत्ते झाले होते. त्यानंतर, दुपारी चारच्या सुमारास, लाटेने जहाज जोरात उचलले आणि त्याचा बाहेर झुकलेला हेलिडेक रायझरवर आदळला. वायू सुटला, पेटला, आणि शेजारचे नळ एकामागून एक फुटत गेले.

रायझरभोवती संरक्षक कठडे नव्हते असे नाही. काहींना होते, पण ते लहान पुरवठा-नौकांचा धक्का सोसतील एवढेच. जहाजे मोठी झाली, कठडे तसेच राहिले. नळांच्या टोकांना आपत्कालीन झडपा होत्या, त्यांचाही उपयोग झाला नाही. कारण काही नळ १२ किलोमीटरपर्यंत लांब होते. झडप मिटली, तरी तेवढ्या लांबीत कोंडलेला वायू फुटलेल्या तोंडातून बाहेर येतच राहणार.

ही गोष्ट जगाला नवीन नव्हती, आणि म्हणूनच येथे सतरा वर्षे मागे जाणे भाग आहे. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ हा मंच जळाला आणि १६७ माणसे मेली. तिथे एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती. तशी नोंद असलेला परवाना-कागद अस्तित्वात होता; परंतु रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडल्यावर ज्यांनी पहिला सुरू केला, त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही. नंतर शेजारच्या मंचांकडून आलेले वायूचे रायझर उष्णतेने फुटले आणि आग आवाक्याबाहेर गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १९९० मध्ये १०६ शिफारशी आल्या. त्यांचा गाभा असा, की सरकारी तपासनिसाच्या यादीवर खुणा करून भागणार नाही. आपल्या मंचावर काय काय घडू शकते आणि ते आपण कसे रोखणार, हे कंपनीनेच आधी अभ्यासून सिद्ध केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९२ पासून तसा कायदेशीर दंडक आला.

पुन्हा मुंबई हायकडे. सुमारे दोन तासांत मुख्य मंच कोसळला. पाण्यावर त्याचे खुंट तेवढे उरले. या संकुलावर आणि आसपास मिळून ३८४ जण होते. संकुलाच्या ८ जीवनरक्षक बोटींपैकी २ आणि १० तराफ्यांपैकी अवघा १ पाण्यात उतरवता आला. बाकीच्यांपर्यंत ज्वाळांनी पोचूच दिले नाही. अनेकांनी थेट पावसाळी समुद्रात उड्या घेतल्या. जहाजे, नौदल आणि तटरक्षक दल यांनी पुढच्या पंधरा तासांत ३६२ जणांना वाचवले. ११ मृतदेह मिळाले, ११ जण सापडलेच नाहीत.

भारतात सागरी तेल-वायू उद्योगासाठी स्वतंत्र सुरक्षा-नियम आले ते २००८ मध्ये.

एक प्रसंग मात्र राहिला. धडकलेल्या ‘समुद्र सुरक्षा’वर सहा पाणबुडे होते, दाबाच्या कोठडीत. खोल समुद्रात काम करणाऱ्यांचे शरीर त्या दाबाला सरावलेले असते. दार उघडून एकदम बाहेर आणले तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन ते दगावतात. दाब हळूहळू उतरवायला काही दिवस लागतात. जहाज पेटले, बाकीचे उतरले, आणि हे सहा जण पोलादी कोठडीत, जळत्या जहाजावर, बंद राहिले. ३६ तासांनंतर त्यांची सुटका झाली. ते जहाज १ ऑगस्टला बुडाले.