भिंती उभ्या राहिल्या, सांगणारा कुठे?

श्रोतेहो, किनवटच्या रानात मुलांची सहल नेणाऱ्या गुरुजींना हा अनुभव नवा नाही. मुलं साग ओळखतात, मोह ओळखतात. पण समोरच्या फांदीवर शीळ घालणारा पक्षी कोणता, असं विचारलं की सारे गप्प! मग वाटतं, इथं एखादं निसर्गमाहिती केंद्र हवं. असलंच तर त्याची डागडुजी व्हावी. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली जातात. पण ती छापण्याआधी एक जुनी हकिगत ऐकून ठेवावी.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले मराठी डॉक्टर होते. संस्थेला स्वतःचं छप्पर नव्हतं. १८८४ साली हर्बर्ट फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या दुकानातली एक खोली दिली आणि पशुपक्ष्यांचे नमुने तिथं राहू लागले.

पुढं मुंबईत मोठं वस्तुसंग्रहालय बांधायचं ठरलं. १९०५ मध्ये पायाभरणी झाली. धनिकांनी देणग्या दिल्या, नगरपालिकेनं आणि सरकारनं हात लावला. इमारत उभी राहिली, तोच पहिलं महायुद्ध आलं आणि तिथं लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. अखेर १९२२ मध्ये दारं लोकांसाठी उघडली. आज त्यालाच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. सोसायटीच्या नमुन्यांतून तिथं निसर्गविभागही सजला.

पण पेंढा भरलेला पक्षी काही बोलत नाही! त्याची गोष्ट सांगायला माणूस लागतो. १९२६ मध्ये त्या कामावर एक तरुण नेमला गेला, पगार महिना ३५० रुपये. त्याचं नाव सलीम अली. १९२८ मध्ये तो रजा घेऊन अधिक शिकायला बर्लिनला गेला. १९३० मध्ये परतून पाहतो तर काय, पैसे नाहीत म्हणून त्याची जागाच रद्द झालेली! इमारत होती, कपाटं होती. सांगणाऱ्याच्या पगाराची तेवढी सोय नव्हती.

सलीम अली खचले नाहीत. खर्च द्या, मेहनताना नको, असं म्हणून त्यांनी संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. १९३१ च्या सुमारास हैदराबाद संस्थानाची पाळी आली. नांदेड-लातूरसकट आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, बरं का! त्या पाहणीचे वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

मंडळी, यातून आपण काय घ्यायचं? छपराला, रंगाला, फरशीला पैसा मिळतो. कारण दात्याचं नाव दगडावर कोरता येतं. सांगणाऱ्याच्या पगारावर नाव कोरता येत नाही. म्हणून गोदाकाठी असो, मांजरेच्या खोऱ्यात असो की पैनगंगेच्या रानाशेजारी, केंद्राच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढाल तेव्हा वहीची दोन पानं करा. एका पानावर इमारत, दुसऱ्यावर सांगणाऱ्याचं मानधन. गावातलाच एखादा झाडापाखरांचा जाणता या कामाला मिळेल. पण त्यालाही घरसंसार आहे.

दुसरं पान आधी भरा. छप्पर थोडं गळलं तरी मुलं झाडाखाली बसून ऐकतील. सांगणाराच नसेल, तर नव्या रंगाच्या भिंतींकडे पाहून ती परत जातील.