समुद्रावरील बोलणें आणि ऐकणें

बिनतारी यंत्राचा इतिहास बहुधा शोधकांच्या चरित्राच्या रूपानें सांगितला जातो. मार्कोनीनें संदेश पाठविला, पुढें अंतर वाढत गेलें, आणि अखेर भर समुद्रांतील जहाजें एकमेकांशीं बोलूं लागलीं, असा त्याचा सांचा ठरून गेला आहे. आम्हांस हा सांचा अपुरा वाटतो. संदेश दूरवर धाडण्याची विद्या माणसानें थोड्या वर्षांत हस्तगत केली. परंतु तो कोणीं ऐकावा, केव्हां ऐकावा, आणि दुसरा बोलत असतांना आपण गप्प कसें राहावें, हें ठरविण्यास त्याला पुष्कळ अधिक काळ लागला, आणि त्याची किंमत प्राणांनीं मोजावी लागली.

आरंभ मोठा आशादायक होता. १९०९ च्या जानेवारींत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यानजीक दाट धुक्यांत ‘रिपब्लिक’ आणि ‘फ्लोरिडा’ या जहाजांची टक्कर झाली. ‘रिपब्लिक’वरील तारमास्तर जॅक बिन्स मोडक्या खोलींत बसून संदेश पाठवीत राहिला, मदतीस जहाज आलें, आणि सुमारें दीड हजार माणसें वांचलीं. समुद्राचें भय आतां सरलें, असें वर्तमानपत्रांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

तीनच वर्षांनीं, १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं, या समजुतीची परीक्षा झाली. ‘टायटॅनिक’वरील मुख्य तारमास्तर जॅक फिलिप्स हा त्या वेळीं न्यूफाउंडलंडमधील केप रेसच्या ठाण्याशीं उतारूंचे खासगी निरोप बोलत होता. तो जहाजावर बसत असला तरी नोकर मार्कोनी कंपनीचा. आणि निरोप हा त्या कंपनीचा धंदा. इतक्यांत जवळच बर्फानें अडून उभ्या राहिलेल्या ‘कॅलिफोर्नियन’वरून सिरिल इव्हान्सनें बर्फाची सूचना दिली. त्या काळचें यंत्र ठिणगीचें असे. त्याची लहर नेमक्या जागीं न राहतां आजूबाजूस पसरे, आणि जवळचें जहाज बोलूं लागलें म्हणजे दूरच्या ठाण्याचा क्षीण आवाज त्यांत बुडून जाई. फिलिप्सनें चिडून त्याला गप्प बसण्यास सांगितलें. इव्हान्स गप्प बसला. कांहीं वेळानें यंत्र बंद करून तो निजला. त्यानंतर थोडक्याच मिनिटांनीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलें.

फिलिप्सला दोष देणें सोपें आहे. पुढें तोच माणूस जहाज बुडेपर्यंत आपल्या जागीं बसून हांका मारीत राहिला आणि प्राणांस मुकला, हेंही विसरतां येत नाहीं. खरा दोष व्यवस्थेचा होता. ‘कॅलिफोर्नियन’वर तारमास्तर एकच, तो निजला कीं जहाज बहिरें. साठ मैलांच्या आंत असलेल्या ‘कार्पेथिया’वरचा हॅरल्ड कॉटॅम हाही निजावयाच्याच तयारींत होता, पण त्याच्या कानावरचें यंत्र अजून उतरलें नव्हतें. एवढ्या योगायोगावर सातशेंहून अधिक जीव वांचले. सुमारें पंधराशें गेले.

त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा केला, आणि १९१४ सालीं लंडनच्या परिषदेंत मोठ्या उतारू-जहाजांवर अहोरात्र ऐकत राहण्याचें बंधन घालण्याचें ठरलें. परंतु सर्वांत अर्थपूर्ण नियम पुढील करारांतून आला तो मौनाचा. ५०० किलोसायकल या संकटाच्या लहरीवर दर तासास दोन वेळां, पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें, सर्वांनीं बोलणें थांबवून केवळ ऐकावयाचें. बिनतारी खोलींतील घड्याळाच्या तबकडीवर तेवढे भाग तांबड्या रंगानें रंगविलेले असत. ज्यानें ‘टायटॅनिक’ची हकीकत वाचली आहे त्याला तीं तांबडीं मिनिटें पाहून निराळें कांहीं सांगावें लागूं नये.

हें सर्व मोठ्या जहाजांपुरतें झालें. मोर्सची लिपी कानानें वाचणारा शिकलेला माणूस लहान बोटींना परवडणारा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन आषाढांत, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट अर्ध्या वाटेंत उलटली. सुमारें सातशें उतारूंपैकीं सहाशेंहून अधिक बुडाले. मुंबई कांहीं मैलांवर होती. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, आणि शहराला वार्ता कळली ती कित्येक तासांनीं, वांचून किनाऱ्यास लागलेल्यांच्या तोंडून. मधल्या वेळांत जे लोक वांचले त्यांतील पुष्कळांस कोळ्यांच्या होड्यांनीं वर घेतलें. रायगड-रत्नागिरीकडील घराघरांतून या बोटीची आठवण दीर्घकाळ राहिली.

मोर्सची अडचण दूर केली ती तोंडानें बोलण्याच्या यंत्रानें. आज लहान मचव्यावरही मावेल असा हा संच शिक्षित तारमास्तरावांचून चालतो. पण त्यामुळें तारमास्तराची शिस्त आतां प्रत्येक तांडेलाच्या अंगीं यावी लागते. त्याची रीत अशी. संच सोळाव्या वाहिनीवर ठेवावयाचा. हांक आणि संकट यांसाठींच ती राखलेली. आधीं ऐकावयाचें, कोणी बोलत नसेल तरच कळ दाबून ज्यास बोलवावयाचें त्याचें नांव, मग आपलें नांव सांगावयाचें, आणि उत्तर मिळालें कीं दुसऱ्या वाहिनीवर जाऊन काम बोलावयाचें. कळ दाबलेली असेपर्यंत आपल्याला कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हणून वाक्य संपलें कीं ‘ओव्हर’ म्हणून ती सोडावयाची. एखाद्याची कळ चुकून दाबलेलीच राहिली तर आसपासच्या सर्वांची वाहिनी बंद पडते. फिलिप्स-इव्हान्सचा प्रकार या रूपानें अजून जिवंत आहे! ही लहर क्षितिजापलीकडे फारशी जात नाहीं. जवळच्या बोलण्यास एक वॅट पुरतो, दूरच्यास पंचवीस लागतात.

संकटांत ‘मेडे’ हा शब्द तीन वेळां उच्चारतात. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच बोलावरून १९२३ सालीं लंडनजवळील क्रॉयडनच्या विमानतळावर तो घडला, आणि १९२७ त आंतरराष्ट्रीय करारानें मान्य झाला. त्यामागून बोटीचें नांव, लागलीच ठिकाण, मग संकट काय आणि माणसें किती. ठिकाण इतक्या आधीं कां, तर आवाज मध्येंच तुटला तरी कोठें यावयाचें तें ऐकणाऱ्यास कळावें. ती हांक ऐकूं आली कीं बाकीच्यांनीं बोलणें बंद करावयाचें.

१ फेब्रुवारी १९९९ पासून नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणें अमलांत आली आणि मोर्सचा समुद्रावरील अंमल संपला. आतां सत्तराव्या वाहिनीवर यंत्रच ऐकत असतें. तांबडी कळ दाबली कीं बोटीची ओळख आपोआप जाते, आणि संचाला ठिकाण कळत असेल तर तेंही. तेव्हां सोळाव्या वाहिनीवर माणसानें कान लावून बसण्याची सक्ती पुढें काढून टाकावी असेंही योजिलें होतें. तें रहित झालें. नव्या व्यवस्थेचें बंधन मोठ्या जहाजांस आहे. ज्या होडींत साधा संचच असतो, तिची हांक सोळाव्या वाहिनीवरच येते, आणि तेथें ती ऐकावयास अजून माणसाचाच कान लागतो.