गोंड विश्वकल्पना व तिचे अध्ययन

सृष्टीची उत्पत्ती, कुलांची विभागणी, दैवते व मरणोत्तर स्थिती यांविषयी गोंड समाजात परंपरेने चालत आलेली कल्पनाव्यवस्था व तिचा अभ्यास. या व्यवस्थेस ‘कोया पुनेम’ असे नाव असून पारी कुपार लिंगो हा तिचा प्रवर्तक मानला जातो. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेले व १ मे १९९९ रोजी झालेल्या विभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात मोडणारे, सालेकसा तालुक्यातील दरेकसानजीकचे कचारगड हे तिचे प्रमुख श्रद्धास्थान असून तेथील गुहेत माघ पौर्णिमेस निरनिराळ्या प्रांतांतील गोंड यात्रेकरू जमतात.

स्थानिक परंपरेनुसार काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली असता, हिरासुका पाटालीर याच्या वाद्याच्या स्वरांनी बळ चढून त्यांनी दारावरील शिळा आतून लोटली. ती मुले मुक्त झाली, परंतु वादक स्वतः त्याच शिळेखाली सापडून मरण पावला. पुढे लिंगोने या मुलांची कुलांत वाटणी करून त्यांस धर्म व आचार शिकविला.

ही वाटणी आजही विवाहाच्या बोलणीत प्रत्यक्ष उपयोगी पडते. चार, पाच, सहा अथवा सात देवांचे कुल असे वर्ग असून समान देवसंख्येच्या कुलांत सोयरीक होत नाही. त्यामुळे वराकडील मंडळींस घराण्याच्या नावाइतकीच त्याच्या देवांची संख्याही सांगावी लागते. सर्वश्रेष्ठ दैवत फरसा पेन, म्हणजेच बडादेव, याचा वास ऐनाच्या झाडात मानतात, आणि मृताचा जीव विधिपूर्वक कुलदेवतांत मिसळला म्हणजे तो पूर्वजांच्या पंक्तीस बसला असे समजतात.

हे ज्ञान ग्रंथांत नव्हे, तर परधान या गोंडांच्या कथागायकांच्या कंठी राहिले. घोड्याच्या केसांच्या तारा लावलेल्या बाना या वाद्यावर यजमानांच्या घरी कुलकथा गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. नागपूरचे स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून मिळविलेली लिंगोकथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. पुढे रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात गोंडांच्या कुलव्यवस्थेची नोंद केली, तर शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खुद्द गोंड समाजातून पुढे आलेले मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी सल्ला व गांगरा या परस्परपूरक शक्तींच्या आधारे कोया पुनेमाची दर्शन म्हणून मांडणी केली. हिस्लॉपच्या पाठात गोंडांस कोंडणारा महादेव व त्याची तपश्चर्या यांस मोठे स्थान आहे, कचारगडच्या परंपरेत मातृरूप कंकाली व वादक हिरासुका यांस; यांपैकी एकच पाठ अस्सल ठरविण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा, कारण कथा सांगणारा, ऐकणारा व प्रसंग यांनुसार तिचे स्वरूप बदलत असते.

एकच मांडणी संपूर्ण समाजाची म्हणून मानावी काय, हा प्रश्न आफ्रिकेतील परंपरागत तत्त्वविचाराच्या अभ्यासातही उपस्थित झाला. काँगोतील बेल्जियन धर्मोपदेशक प्लासीद टेंपेल्स यांनी १९४५ मध्ये बांटू लोकांच्या विचाराचे सार ‘प्राणशक्ती’ या कल्पनेत सांगितले, आणि केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये आफ्रिकी धर्म व तत्त्वज्ञान यांचे व्यापक विवेचन केले. परंतु संपूर्ण जमातीस एकमुखी मानून तिच्या नावावर एकच तत्त्वज्ञान खपविणे म्हणजे तिच्यातील विचारवंतांचे स्वतंत्र मत नाकारणे होय, असा आक्षेप बेनिनचे पॉलिन हुंतोंजी यांनी घेतला. केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांनी त्यापुढे जाऊन गावोगावच्या विवेकी वृद्धांशी नावानिशी संवाद साधून त्यांची व्यक्तिगत मते व जमातीची रूढ मते वेगळी केली. भंडारा-गोंदिया मुलखातील अभ्यासकास ही पद्धत विशेष उपयुक्त आहे; ‘गोंड असे मानतात’ एवढ्यावर न थांबता कथा कोणी सांगितली, कोणत्या कुलाच्या यजमानापुढे व कोणत्या विधीच्या वेळी सांगितली, याची कैफियत पाठासोबत नोंदविली, तरच परधानास निव्वळ माहितीदार न मानता आपल्या परंपरेचा विचार करणारा विद्वान म्हणून स्थान मिळेल.