रशियन रोमान्समधील जर्मन कविता

एकोणिसाव्या शतकात गटे, हाइने आदी जर्मन कवींच्या कवितांच्या रशियन भाषांतरांना रशियन संगीतकारांनी चाली लावल्या. त्यातून एकल कंठ आणि पियानो यांच्यासाठी रचलेल्या गीतांचे मोठे भांडार तयार झाले. अशा गीताला रशियात ‘रोमान्स’ म्हणतात. जर्मन ‘लीड’चा हा सख्खा शेजारी असला तरी त्याची नक्कल नव्हे. या गीतांच्या श्रेयनामावलीत कवी आणि संगीतकार ठळक छापले जातात, अनुवादक बारीक अक्षरांत. वस्तुतः संगीतकारासमोर होती ती अनुवादकाची कविता; चाल लागली तीही तिलाच.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चायकॉव्हस्कीचे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ (1795–96) या कादंबरीत मिन्योन ही मुलगी आणि वृद्ध वीणावादक मिळून विरहाचे एक गीत गातात. बारा ओळींच्या या कवितेने जर्मन संगीतकारांना पछाडले होते. बेथोव्हनने तिला चार चाली लावल्या, शूबर्टने सहा. त्यांतली एक युगुलगीत, तर एक पाच पुरुषकंठांसाठी. 1869 मध्ये चायकॉव्हस्कीने (कृतिक्रमांक 6 मधील सहावे गीत) हाती घेतले ते लेव मेय याचे रशियन भाषांतर. मेय (1822–62) स्वतः कवी आणि नाटककार होता. त्याच्या ‘झारची वधू’ या नाटकावर पुढे रिम्स्की-कोर्साकॉव्हने ऑपेरा रचला. चायकॉव्हस्कीचे हे गीत तयार झाले तेव्हा मेयला जाऊन सात वर्षे झाली होती.

मेयने कवितेच्या आरंभीच एक नकार घातला आहे, जो गटेत नाही. कोणीतरी समजूत घालू पाहत आहे आणि बोलणारी व्यक्ती ती झिडकारते आहे, असा सूर त्यामुळे पहिल्या शब्दापासून लागतो. गटेच्या नायिकेची आतडी जळतात, मेयच्या नायिकेची छाती. या बदलाने कविता थोडी सभ्य झाली हे खरे. पण चायकॉव्हस्कीने गीताचा कळस नेमका याच ठिकाणी उभारला आहे. पियानोच्या डळमळत्या, तालाबाहेर पडणाऱ्या स्वरसंघातांवर चढत गेलेला आवाज इथे तुटतो आणि मग मूळ चाल परत येते. पुढे हे गीत जर्मनीत गेले तेव्हा गटेचे मूळ शब्द या चालीत बसवून गायले जाऊ लागले. म्हणजे मूळ कवितेला आपल्याच भाषांतराच्या मापाचा अंगरखा घालावा लागला.

कवी लेर्मोन्तॉव्हचे उदाहरण याहून धीट. इल्मेनाउजवळच्या डोंगरावरील लाकडी झोपडीच्या भिंतीवर गटेने 1780 मध्ये लिहिलेली आठ ओळींची निशाकविता त्याने 1840 मध्ये रशियनमध्ये आणली. मूळ ओळी लहानमोठ्या, श्वासाच्या लयीने पडणाऱ्या. लेर्मोन्तॉव्हने त्या एका मापाच्या केल्या. मुकी झालेली पाखरे वगळली आणि धूळ न उडणारा रस्ता नव्याने आणला. काटेकोर अनुवाद म्हणून हे काम नापास ठरेल. पण समान ओळींची अशी कविता गाण्याच्या दृष्टीने आयतीच तयार असते, आणि रशियन संगीतकार तिच्याकडे वारंवार वळले. अंतोन रुबिनश्टाइनने तिचे युगुलगीत केले.

हाइने रशियात आला तो मुख्यतः मिखाइल मिखाइलॉव्हच्या हातून. त्याचा हाइनेच्या गीतांचा अनुवादसंग्रह 1858 मध्ये निघाला. 1861 मध्ये क्रांतिकारी पत्रकाबद्दल त्याला अटक होऊन सैबेरियात पाठवण्यात आले आणि 1865 मध्ये तो तिथेच वारला. पाइन आणि ताडाच्या कवितेचे त्याचे भाषांतर रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या कृतिक्रमांक 3 मध्ये आहे. बोरोदिननेही हाइनेची गीते केली. दुसरा महत्त्वाचा अनुवादक अलेक्सेय प्लेश्चेयेव. 1849 मध्ये दस्तयेव्हस्कीबरोबर शिक्षा झालेल्या मंडळींपैकी तो एक. रखमानिनॉव्हच्या कृतिक्रमांक 8 मधील (1893) सहाही गीते प्लेश्चेयेवच्या अनुवादांवर बेतलेली आहेत: तीन हाइनेची, एक गटेचे आणि दोन युक्रेनी कवी शेवचेन्कोची.

मुसोर्गस्कीचे ‘पिसवेचे गाणे’ (1879) या परंपरेत वेगळे उठून दिसते. ‘फाउस्ट’मधील तळघराच्या प्रसंगात मेफिस्टोफेलिस राजाच्या लाडक्या पिसवेची गोष्ट गातो; मुसोर्गस्कीने स्त्रुगोव्श्चिकॉव्हचे भाषांतर वापरले. याच गीताच्या बेथोव्हनच्या चालीत मिश्कीलपणा आहे. मुसोर्गस्कीने मात्र मधूनमधून सैतानी हसणे पेरले आणि गीताचे नाट्य केले. ते अर्पण केले आहे दार्या लिओनोवा या खर्जाच्या गायिकेला. पुढे शालियापिनने ते इतके आपलेसे केले की पुरुषाच्या जाड आवाजाखेरीज त्याची कल्पनाच करवत नाही. 1909 मध्ये स्ट्राविन्स्कीने बेथोव्हन आणि मुसोर्गस्की या दोघांच्याही पिसवा वाद्यवृंदासाठी लिहून काढल्या.

उलट दिशेचा प्रवासही झाला. रुबिनश्टाइनची ‘पर्शियन गीते’ मुळात बोडेनश्टेटच्या जर्मन शब्दांवर रचलेली होती. त्यांचे रशियन रूपांतर खुद्द चायकॉव्हस्कीने केले. जर्मन वंशाच्या रशियन संगीतकार निकोलाय मेट्नरने (1880–1951) गटेच्या मूळ जर्मन ओळींनाच चाली लावल्या. त्याच्या उत्तरायुष्यात म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला. या ध्वनिमुद्रिकांमध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकोफने मेट्नरच्या साथीने गायलेली गीते आहेत.

शोस्ताकोव्हिचच्या चौदाव्या सिंफनीत (1969) रिल्केच्या दोन कविता तमारा सिलमन यांच्या रशियन भाषांतरात येतात. या कृतीची मूळ भाषांत गाण्याची आवृत्तीही संगीतकाराच्या संमतीने निघाली. 1980 मध्ये बर्नार्ड हायटिंक यांच्या संचालनाखाली यूलिया वाराडी आणि डिट्रिख फिशर-डीस्काउ यांनी तीच ध्वनिमुद्रित केली.