शेख-उर-रईसांचे अखेरचे दुखणे

आपल्या काळातला सर्वांत मोठा तबीब पोटाच्या दुखण्याने गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. इब्न सीना म्हटले की बुखाऱ्याचा तो तल्लख मुलगा आठवतो. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो सामानी अमीर नूह बिन मन्सूर यांच्या उपचारासाठी दरबारात गेला आणि त्यामुळे शाही ग्रंथालयाची दारे त्याच्यासाठी उघडली. मग 'अल-कानून फित-तिब' आठवतो. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातले विद्यार्थी तो शिकत राहिले. शाळा-कॉलेजांच्या समारंभांत ही थोरवी अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावीही. पण त्यांचा शेवट कसा झाला याचा तपशील शिष्य अबू उबैद अल-जुजजानी यांनी लिहून ठेवला आहे. सुमारे पंचवीस वर्षे ते गुरूंच्या सोबत होते. हा मजकूर वाचताना माणूस अस्वस्थ होतो, कारण त्यातल्या चुका आपल्या घरात रोज घडतात.

दुखण्याचे नाव होते कुलंज. मूळ ग्रीक शब्द मोठ्या आतड्यावरून आलेला. अरबीत तो कुलंज झाला आणि इंग्रजीत कॉलिक. (घसा बसला की आपण चघळतो त्या कोळिंजनाच्या मुळीशी याचा संबंध नाही. नावे जवळची वाटतात म्हणून सांगितले.) आपल्या बोलीत पोटशूळ, कळ, मुरडा, वायगोळा. पोटात पीळ पडतो, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, घाम फुटतो. हा विषय इब्न सीनांना नवा नव्हता. 'कानून'मध्ये त्यांनी कुलंज आणि मूतखड्याची कळ यांतला फरक बारकाईने सांगितला आहे. शिवाय १०२३ च्या सुमारास हमदानच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना फर्दजानच्या किल्ल्यात सुमारे चार महिने कैदेत ठेवले, तेव्हा तिथे बसून त्यांनी जे लिहिले त्यात कुलंजवरचे एक स्वतंत्र पुस्तकही होते. म्हणजे ज्या रोगावर त्यांनी कैदेत ग्रंथ लिहिला, त्याच रोगाने पुढे त्यांना गाठले.

साल होते हिजरी ४२५, म्हणजे १०३४ च्या आसपासचे. इब्न सीना तेव्हा इस्फहानचे शासक अलाउद्दौला यांच्या पदरी होते. गझनवी सरदार ताश फर्राश याच्याशी कराजच्या वेशीवर लढाई चालू होती. हे कराज आजच्या तेहरानजवळचे नव्हे, हमदान आणि इस्फहान यांच्या दरम्यानचे. तिथे त्यांना कुलंजचा झटका आला. त्यांना घाई झाली होती. माघार घ्यावी लागली आणि आपल्याला घोड्यावर बसता आले नाही, तर आपण मागे राहू, ही धास्ती होती. म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा हुकना घेतला. हुकना म्हणजे बस्ती, आजच्या भाषेत एनिमा. परिणाम असा झाला की आतड्याला जखमा झाल्या, आतून सोलवटले. त्याही अवस्थेत सैन्याबरोबर ईजजकडे धावपळ करावी लागली आणि तिथे झटके येऊ लागले. जुजजानी त्याला मिरगी म्हणतात आणि कुलंजच्या मागोमाग ती कधी कधी येते असेही सांगतात.

तरीही स्वतःचे उपचार स्वतःच चालू होते. एके दिवशी त्यांनी बस्तीच्या औषधात दोन दानिक करफ्सचे बी घालायला सांगितले. करफ्स म्हणजे आपला अजमोद. वारा सरावा हा हेतू. जो तबीब औषध तयार करत होता, त्याने दोन दानिकांऐवजी पाच दिरहम घातले. सहा दानिकांचा एक दिरहम होतो, तेव्हा हिशेब करा: पंधरापट! मुद्दाम केले की चुकून, हे जुजजानींना सांगता येत नाही, कारण ते त्या वेळी तिथे नव्हते. जखमा वाढल्या. झटक्यांसाठी जे माजून घेत होते, त्यात एका नोकराने भरमसाट अफू मिसळली. नोकरांनी मालकाच्या तिजोरीतून मोठी रक्कम लांबवली होती आणि मालक जगला तर आपली धडगत नाही, ही त्यांची भीती.

त्यांना इस्फहानला आणले, तेव्हा उभे राहण्याची ताकद उरली नव्हती. हळूहळू चालता येऊ लागले, दरबारात हजेरी सुरू झाली. पण पथ्य पाळले नाही. या बाबतीत शिष्याने गुरूंची जराही भीड ठेवलेली नाही. दुखणे पुरते गेले नाही, उलटत राहिले. पुढे अलाउद्दौला हमदानला निघाले, हेही निघाले आणि वाटेत पुन्हा पोट बिघडले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी औषध थांबवले. शरीराचा कारभार पाहणारी शक्तीच आता थकली आहे, उपचाराचा उपयोग नाही, अशा आशयाचे ते बोलले. हिजरी ४२८ च्या रमजानमध्ये, म्हणजे १०३७ मध्ये, त्यांचा इंतकाल झाला. 'शिफा' आणि 'नजात' ही त्यांच्या दोन ग्रंथांची नावे. त्यांवर कोटी करून या मृत्यूची थट्टा करणाऱ्या ओळीही लिहिल्या गेल्या. लोक असे असतातच.

आजार नेमका कोणता होता, यावर पुढच्या डॉक्टरांनी बरेच तर्क केले आहेत. हजार वर्षांनंतर नाडी पाहता येत नाही, म्हणून त्या वादात मी पडत नाही. पण घटनाक्रमातून काही गोष्टी आजच्या ज्ञानाने नीट दिसतात. एका दिवसात इतक्या वेळा पोट धुतले की शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, आणि क्षारांचे प्रमाण फार ढळले की झटके येऊ शकतात. अफूने कळ दबते, पण आतड्याची हालचालही मंदावते. म्हणजे ज्या रोगात वारा आणि मळ अडलेला आहे, तिथे अफू तो आणखी अडवते. आतड्यात कुठे खरेच अडथळा असेल किंवा आत सूज असेल, तर वरून जोराचा जुलाब आणि खालून जोराची बस्ती यांनी आतडे फाटूही शकते. आपल्याकडे पोटात दुखले की एरंडेल देण्याची, नाहीतर जमालगोट्याची गोळी देण्याची रीत होती. काही घरांत ती अजूनही आहे. बेंबीभोवती सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकते, हात लावू देत नाही, बारीक ताप येतो: ही अपेंडिक्सची ओळख. अशा वेळी जुलाब देणे म्हणजे पेटलेल्या चुलीत रॉकेल ओतणे.

घाई करणारे इब्न सीना एकटेच नव्हेत. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ तारखेला ठरला होता, जगभरचे पाहुणे लंडनला जमले होते आणि राजाच्या पोटात दुखू लागले. तो ऑपरेशनला तयार होईना, सोहळा पुढे ढकलायला तर मुळीच नाही. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी हट्ट सोडला नाही. त्यांची स्वतःची तरुण मुलगी दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्याच आजाराने गेली होती. २४ जूनला ऑपरेशन झाले, पू काढला गेला. ९ ऑगस्टला राज्याभिषेक पार पडला आणि राजा पुढे १९१० पर्यंत जगला. अलाउद्दौलांच्या छावणीत मात्र इब्न सीनांना थांबा म्हणणारा कुणी नव्हता. त्यांच्यापेक्षा मोठा तबीब आणायचा कुठून?

मग प्रत्येक ढेकरेसाठी दवाखाना गाठायचा का? तसेही नाही, आणि हा विचारही जुनाच आहे. इब्न सीनांच्या आधी शंभर वर्षे रय शहरातले अबू बक्र अर-राझी यांनी, जे रय आणि बगदादच्या इस्पितळांचे प्रमुख होते, 'मन ला यहजुरुहुत-तबीब' हे पुस्तक लिहिले. ज्याच्याजवळ तबीब हजर नाही, त्याच्यासाठी. कैरवानच्या इब्न अल-जज्जार यांनी पोटाच्या रोगांवर एक आणि गरिबांच्या औषधोपचारावर एक अशी पुस्तके लिहिली. बाजारात आणि स्वयंपाकघरात मिळेल त्यावर ही दुसरी परंपरा उभी आहे. आपल्या आजीच्या डब्यातला ओवा, बडीशेप, हिंग, पुदिना, इसबगोल तिचीच नातवंडे. वलीम्याच्या बिर्याणीनंतर पोट जड झाले, प्रवासात एखादा दिवस जुलाब झाले, इफ्तारला तळलेले जास्त खाऊन छातीत जळजळले, तर त्यांचा उपयोग जरूर करावा. जुलाबात साखर-मिठाचे पाणी किंवा ओआरएस. पण राझींच्या पुस्तकाचे नावच पुन्हा वाचा. तबीब जवळ नसेल त्याच्यासाठी आहे ते. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्यासाठी नाही.

काही जण इथे तिब्ब-ए-नबवीचा हवाला देतात: मध आहे, कलौंजी आहे, मग डॉक्टर कशाला? पोट बिघडलेल्याला मध द्यायला सांगितल्याची हदीस सर्वांना पाठ असते. 'अबू दाऊद'मधली दुसरी हदीस कमी सांगितली जाते. हजरत साद आजारी असताना पैगंबर (स.) त्यांच्या भेटीला गेले आणि त्यांना सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदाकडे जायला सांगितले, कारण तो वैद्यकी जाणणारा माणूस होता. पहिलीबरोबर ही दुसरी हदीसही मुलांना शिकवायला हवी.

तेव्हा सीमारेषा कुठे? शौचातून रक्त पडणे, किंवा शौच डांबरासारखे काळे, चिकट, घाण वासाचे होणे ही पहिली खूण. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण ते ठरवणे डॉक्टरांवर सोडावे. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच इस्पितळ गाठावे. पोट फुगून लाकडासारखे कडक झाले, उलट्या चालू आहेत आणि वारा किंवा मळ काहीच सरत नाही, तेव्हाही तेच. हा कुलंजचा सर्वांत वाईट प्रकार, आणि त्यावर घरी बस्ती घेऊ नये. प्रयत्न न करता वजन घटत असेल, घास गिळताना अडकत असेल, डोळे पिवळे झाले असतील, रक्त कमी आहे असे तपासणीत निघाले पण कारण सापडत नसेल, पोटाच्या दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, तर दिवस मोजत बसू नये. आजवर नीट असलेली शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त काळ बदलली, कधी घट्ट तर कधी पातळ, तरीही तपासून घ्यावे. पन्नाशीकडे झुकलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात आतड्याचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांनी तर विशेषच. आणि वरच्या पोटात किंवा छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल, तर तो गॅस नव्हे असे समजूनच निघावे. हृदयविकाराला गॅस समजून सोडा पिऊन झोपलेली माणसे पुन्हा उठलेली नाहीत.

जायचे कशासाठी, याचेही उत्तर गेल्या चाळीस वर्षांत बदलले आहे. जठरातला अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असे सगळे मानत होते आणि रोगी जन्मभर पांढरी औषधे पीत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवले की बहुतेक अल्सरांमागे एक जिवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. पण त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर दुर्बिणीने जठर तपासून घेतले होते, हा फरक लक्षात घ्यावा. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. आज ठरावीक मुदतीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी असा अल्सर बहुधा कायमचा बरा होतो. वर्षानुवर्षे मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणणाऱ्याला हे कळायला तपासणी करावीच लागते. काहींचा अल्सर सांधेदुखीच्या गोळ्यांनी झालेला असतो. तिथे उपाय वेगळा.

आपल्या समाजात अडचण बहुतेकदा अज्ञानाची नसते, लाजेची आणि वेळेची असते. रक्त पडते ते मूळव्याधीचेच, असे ठरवून बायका वर्षभर गप्प राहतात. पुरुष डॉक्टरला सांगायचे कसे? मग बाईडॉक्टरकडे जावे, पण जावे. पुरुष म्हणतात, रमजान संपू दे, मुलीचे लग्न होऊ दे, हजहून येतो आणि दाखवतो. हीच ती कराजच्या छावणीतली घाई. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणात स्पष्ट दिली आहे (सूरा अल-बकरा, १८४-१८५). अल्सरवाल्याने रोजा ठेवावा की नाही, हे आपल्या डॉक्टरांना शाबानमध्येच विचारावे.

हकीमसाहेबांकडे जायचे असेल तरी जावे. पुण्या-मालेगावच्या युनानी कॉलेजांतून शिकून आलेले हकीम वरची लक्षणे ओळखतात आणि पुढे पाठवतातही. मात्र दोन्हीकडची औषधे एकमेकांपासून लपवू नयेत. जाताना घरातले एक माणूस बरोबर न्यावे आणि एका पिशवीत सगळे भरून न्यावे: गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट, चूर्णाची डबी, माजूनाची बरणी, आणि शेजारणीने दिलेली ती बिननावाची पुडीसुद्धा.