खवले पडलेल्या उंदरांची गोष्ट

थायरॉइडचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली आई बहुतेक वेळा स्वतःबद्दल विचारतच नाही. "माझ्या मुलीलाही होईल का हो, डॉक्टर?" एवढंच विचारते. तिचा आजार हाशिमोटो. म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइड ग्रंथीवर केलेला हल्ला. तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा उंदरांच्या पिंजऱ्यात सापडला होता.

साल १९४९. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत उंदरांवर किरणोत्सर्गाचा अभ्यास चालू होता. तिथे काही नर पिल्लं विचित्र निपजली. (हा दोष मात्र किरणांमुळे नव्हे, आपोआप आलेला.) कातडीवर खवले, प्लीहा सुजलेली, आयुष्य जेमतेम काही आठवडे. माद्या ठणठणीत! म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर. मादीकडे ती दोन असतात, एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. नराकडे एकच. पुढे कळलं, की या पिल्लांच्या टी पेशी स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडत होत्या.

नेमकं जनुक सापडायला अर्धशतक गेलं. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोध २० जनुकांपर्यंत आणला आणि एकेक तपासलं. दोषी निघालं ते विसावं! २००१ मध्ये जाहीर झालेलं हे जनुक म्हणजे फॉक्सपी३. ते बिघडलं तर लहान मुलग्यांनाही मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब असा गंभीर आजार होतो. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशी दाखवल्या होत्या. त्या घडवणारं जनुक हेच. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आपल्या या आईचं फॉक्सपी३ असं बिघडलेलं नसतं. तो प्रकार फारच दुर्मीळ. तिच्यात असतात ते अनेक जनुकांतले बारीक फरक. सीटीएलए-४ हा असाच एक ब्रेक. त्यातला थोडासा फरक थायरॉइडच्या अशा आजारांचा आणि टाइप १ मधुमेहाचा धोका किंचित वाढवतो, हे २००३ मध्ये दिसलं. पण तोच फरक असंख्य निरोगी माणसांतही असतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला आमवात (ऱ्हुमॅटॉइड) असला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण ब्रिटनमध्ये १५ टक्क्यांच्या आसपासच आढळलं. शिवाय पीटीपीएन२२ मधला जो फरक युरोपात सर्रास सापडतो, तो आपल्याकडे क्वचितच. म्हणून परदेशी अभ्यासावर बेतलेल्या महागड्या जनुक चाचण्या मी सहसा करायला सांगत नाही.

मुलीचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, हे मी आईला लपवत नाही. तिला सतत थकवा वाटला, गळ्याशी सूज दिसली, पाळी बिघडली किंवा पुढे बाळाचा विचार असला, तर साधी टीएसएच तपासणी करून घ्यायची.